केपांची डबी

आंबेखोलच्या माध्यमिक शाळेत 'कानोसा' बसवायला माणसं आली, तेव्हा मुख्याध्यापिका वृषाली राऊळ यांनी रीतसर नारळ फोडला, यंत्राला हळदकुंकू लावलं आणि माणसं गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत येऊन खुर्चीत अंग टाकलं. "घ्या! एकतीस वर्षं पोरांचे आवाज ऐकतेय मी. आता ऐकायचं कसं, ते मला हा डबा शिकवणार."

डबा म्हणजे खरोखरच डबा. तळहाताएवढा, फळ्याच्या वर घड्याळाशेजारी ठोकलेला. त्याला कॅमेरा नव्हता, आवाज नव्हता. सकाळी हजेरीच्या वेळी मुलं "हजर बाई" म्हणत, तेवढंच तो ऐकायचा आणि उरलेला दिवस गप्प. एवढ्या एका शब्दावरून मुलाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज येतो म्हणे! माहितीपत्रकात ते वाचून बाईंना हसूच आलं होतं.

पण यंत्र ज्यांनी बनवलं त्या डॉ. मृदुला आगाशे पुण्याहून प्रशिक्षणाला आल्या आणि त्यांनी तासाभरात बाईंचं हसू घालवलं. गळ्यातले स्वरतंतू बोलताना सेकंदाला दोनअडीचशे वेळा थरथरतात, त्यांनी सांगितलं. दोन थरथरींमधलं अंतर प्रत्येक वेळी किंचित वेगळं असतं, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तो फरक आपल्या हातात नसतो. स्वरतंतूंना हुकूम देणारा मज्जातंतू मेंदूच्या देठापासून निघतो, गळा ओलांडून थेट छातीत उतरतो आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा गळ्यात चढतो. झोप उडाली, भीती बसली, मन खचलं, की त्या लांबच्या वाटेवर कुठंतरी ताण पडतोच. तोंड हसवता येतं, शब्द निवडता येतात, पण हा फरक लपवता येत नाही.

"म्हणजे हे खोटं पकडतं?" बाईंनी विचारलं होतं.

"नाही हो. थर्मामीटर आहे हा. ताप आहे एवढं सांगेल. कशानं आला, ते तुम्ही शोधायचं. आणि एका मुलाची दुसऱ्याशी तुलना तो करत नाही. चार्वीच्या आजच्या आवाजाची तुलना चार्वीच्याच गेल्या काही दिवसांच्या आवाजाशी."

उदाहरणाला त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीचं नाव घेतलं. चार्वी गवस, आठवी, तेरा वर्षांची. दोन घट्ट वेण्या, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलणं अगदी मोजकं. बाईंची आवडती, पण ते त्या कुणाला दाखवत नसत.

हे सगळं कशासाठी, तर दोन वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात नववीतला मुलगा बापाचं पिस्तूल दप्तरात घालून शाळेत गेला होता. बातमी सगळ्या देशानं पाहिली. आधी मेणबत्त्या लागल्या, मग चर्चा झडल्या, मग नियमावली आली. प्रत्येक वर्गात कानोसा आणि प्रत्येक फाटकात बंदुकीच्या दारूचा वास हुंगणारी चौकट. दोन्हींनी एकाच मुलाबद्दल लाल दिवा दाखवला तर सहा तासांनी अहवाल आपोआप जिल्ह्याच्या कक्षाकडं जायचा आणि मुलाची रवानगी निरीक्षणगृहात. त्या सहा तासांत मुख्याध्यापकानं समाधानकारक कारण लिहून पाठवलं, तरच तो थांबायचा.

आंबेखोलला हे सगळं जरा जास्तच झोंबलं, कारण तिलारी नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या या गावात एकोणीस घरांत बंदुका होत्या. सगळ्या परवान्याच्या, शेतीच्या रक्षणासाठी. वांदर नारळ खाली पाडतात, डुकरं कणगरांचे कंद उकरतात, म्हणून आज्यापणज्यापासून चालत आलेल्या ठासणीच्या बंदुका. नळीत दारू ठासायची, छरे भरायचे, घोड्याखाली वाटाण्याएवढी तांब्याची टोपी बसवायची. तिला केप म्हणतात. केप नसेल तर बंदूक म्हणजे लोखंडाची काठी. निवडणूक लागली की या एकोणीस बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि निकाल लागला की वाजतगाजत परत यायच्या. यंदाही शनिवारीच त्या परत आल्या होत्या.

आणि सोमवारी सकाळी दहा चाळीसला चौकट कोकलली.

चार्वीच्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली, केपांनी भरलेली पत्र्याची डबी सापडली. ती बाहेर काढून शिपाई दोन पावलं मागं सरकला. चार्वी मात्र सरळ उभी होती. पाच मिनिटांनी हजेरी झाली. "अठ्ठावीस?" "हजर बाई." बाईंच्या कानाला तो आवाज रोजच्यासारखाच वाटला, अगदी शपथेवर सांगितलं असतं त्यांनी. पण टेबलावरच्या पडद्यावर अठ्ठावीस नंबर लालभडक झाला होता.

एकतीस वर्षांचा कान, आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

नियमाप्रमाणे मुलीच्या वडिलांना आपोआप संदेश गेला: आपल्या पाल्याजवळ केपांची डबी सापडली आहे, येऊन ओळख पटवून घेऊन जावी. नियमाप्रमाणे शाळा समितीच्या अध्यक्षांनाही गेला. अध्यक्ष नंदू दळवी पंधरा मिनिटांत जीप घेऊन हजर झाले, आणि त्यांच्या मागोमाग निम्मा गाव. ही बातमी गावभर कुणी केली, ते विचारण्यात अर्थ नव्हता. नंदूचा आवाज गवे पळवून लावण्याच्या कामी यायचा.

"बाईंनू, त्या चेडवाक आधी भायर काढा!" व्हरांड्याच्या पायरीवरूनच त्यानं सुरुवात केली. "माझो झील तिच्या मागच्या बाकार बसता."

"आरडू नका, नंदूभाऊ. ती प्रयोगशाळेत बसलीय. बाहेर काढून कुठं पाठवू?"

"खय पण पाठवा! डबी हाडली आज, उद्या बंदूक हाडीत."

मागून एक आई म्हणाली, "पोरीक कित्याक बोलतास? गावातल्या बंदुका आधी वितळवून टाका. नको त्या बंदुका नि नको तो घोर."

"वितळवा!" नंदू उसळला. "आणि डुकरांका काय पाटार बसवून जेवूक वाढू? माझी तीन गुंठे कणगरां गेल्या म्हयन्यात गेली, बंदूक ठाण्यात पडान होती म्हणान. ता कोण भरून देतलो?"

"तुमच्या कणगरांपेक्षा माझो झील म्हाग नाय काय?"

"बंदूक माणसाक मारणा नाय गो, डोक्यातलां खूळ मारता. खुळ्याक धरा."

"आणि खुळ्याच्या हाताक बंदूक गावली नाय तर?"

मग कुणी मोबाइलला दोष दिला, कुणी सिनेमाला, कुणी आईबापांना. चार्वीची आई गोव्यात औषधांच्या कारखान्यात कामाला होती, शनिवारी यायची नि सोमवारी पहाटेच्या बसनं जायची, तोही विषय निघाला. बाप उल्हास गवस मात्र सगळ्यांच्या लेखी देवमाणूस. सुपारीची बाग एकहाती राखणारा, जत्रेच्या दशावतारात विनोदी पात्र उभं करून लोकांना लोळवणारा. "एवढ्या हसऱ्या बापाच्या पोटी असलं चेडू!" कुणीतरी हळहळलं. बाई ऐकत राहिल्या. दोन्हीकडच्या बोलण्यात त्यांना तथ्य दिसत होतं आणि म्हणूनच त्या गप्प होत्या. भांडणाऱ्यांपैकी एकानंही मुलीला काही विचारलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेत चार्वी खिडकीशी बसली होती. बाईंनी आपला जेवणाचा डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. तिनं हात लावला नाही. डबी का आणलीस, बाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. नजर खाली. मग अचानक तीच म्हणाली, "बाई, ती डबी बाबांना परत देणार काय तुम्ही?"

"द्यावीच लागेल ना. परवाना त्यांचा, वस्तू त्यांची. निरोप गेलाय त्यांना."

मुलीचा चेहरा क्षणात उतरला. मार बसेल म्हणून घाबरलीय, असं बाई धरून चालल्या. इथंच त्यांची चूक झाली. "काही मारत नाहीत बाबा," म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या बाहेर आल्या.

बारा वाजून गेले. उल्हास आला नव्हता. फोन केला तर वाजून वाजून बंद झाला. लाजला असेल, लोक म्हणाले.

ऑफिसात येऊन बाईंनी दार लावलं आणि पुण्याला फोन लावला. डॉ. आगाशेंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही फक्त आजचा ठिपका बघताय. जूनपासूनची रेघ काढा. उजव्या कोपऱ्यात 'मागील' म्हणून आहे बघा."

रेघ आली. जूनमध्ये सरळसोट, मग जुलैत थोडी खाली, ऑगस्टमध्ये आणखी खाली.

"हे लाल का नाही झालं तेव्हा?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"कारण ते हळूहळू झालं. यंत्र मागच्या काही दिवसांशी तुलना करतं. रोज केसाएवढं खाली गेलं की त्याला ते दिसतच नाही. दोष आहे तो आमच्या यंत्रात, मी मान्य करते. पण पुढं बघा बाई, मला पुढचंच कळत नाहीये. सप्टेंबरच्या एकवीस तारखेनंतर रेघ एकदम वर आलीय. अशी सुधारणा मी आजवर पाहिलेली नाही. दोन महिने मूल छान झोपतंय. आणि आज धाडकन खाली. एकवीस सप्टेंबरला काय झालं तुमच्या गावात?"

बाईंना तारीख आठवायला वेळ लागला नाही. शाळेच्या नव्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन त्या दिवशी ठरलं होतं. फीत बांधून तयार होती, पाहुणे निघाले होते, आणि दुपारी आचारसंहिता जाहीर झाली म्हणून सगळं रद्द. बाईंनी तेव्हा सरकारला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या.

"निवडणूक लागली," त्या म्हणाल्या.

"निवडणुकीनं आठवीतल्या मुलीला झोप लागते?"

"आचारसंहिता लागली की दुसऱ्या दिवशी गावातल्या बंदुका जमा करतात हो. ठाण्यात. आणि परत आल्या त्या परवा, शनिवारी."

मग डॉ. आगाशे हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, ताप त्या मुलीचा नाही. घरात दुसऱ्या कुणालातरी आहे. हे माझ्या यंत्राला कधीच सापडलं नसतं. जा तुम्ही, आधी तिच्याकडं जा."

बाई धावल्या. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाई व्हरांड्यातून पदर खोचून धावताना सगळ्या शाळेनं पाहिल्या. चार्वीसमोर त्या जमिनीवरच बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बाबा घरी एकटे आहेत ना गं?"

एवढंच विचारलं. मुलीचा बांध फुटला. इतके महिने कुणी नेमकं हेच विचारावं म्हणून ती थांबली असावी.

जुलैत एकदा शाळा लवकर सुटली, तेव्हा बाबा बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपीत, बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. "पुसत नव्हते, बाई. नुसते बसलेले. मला बघून म्हणाले, साफ करतोय. पण फडका नव्हता." त्यानंतर ती रात्री जागी राहायला लागली. आईला सांगावं तर आई नोकरी सोडून येईल आणि बाबांना अजून वाईट वाटेल. गावात सांगावं तर लोक बाबांना वेडा म्हणतील, मग जत्रेत कुणी त्यांना उभं करणार नाही. निवडणूक लागली तेव्हा तिनं देवीला साखर ठेवली. शनिवारी बंदूक परत आली. रविवारी आई होती. आज आई गेली, आणि चार्वी डबी घेऊन शाळेत आली.

"नदीत का नाही टाकलीस?"

"टाकली असती तर दुकानातून नवी आणली असती त्यांनी. हरवली असं वाटलं की शोधत राहतात. शोधता शोधता दिवस जातो, बाई. मग मी घरी येते."

वृषालीबाई तेरा वर्षांच्या त्या मुलीकडं बघत राहिल्या. सरकार, शास्त्रज्ञ, समिती, पंचायत, सगळ्यांनी मिळून जे राखायचं ते ही पोर एकटी, एका कंपासपेटीच्या जोरावर राखत होती. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "शहाणी माझी बाय ती," त्या म्हणाल्या. "आता तू एकटी नाहीस. मी जाते त्यांच्याकडं."

बाहेर नंदू अजून वाद घालत होता. बाईंनी त्याला बाजूला ओढलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. नंदू गावातला उल्हासचा सगळ्यात जुना दोस्त, शिकारीला बरोबर जाणारा, दशावतारात बरोबर पखवाज धरणारा.

"बाईंनू," त्याचा आवाज प्रथमच कुजबुजला. "सकाळी साडेनवाक उल्हास इललो माझ्याकडे. माका म्हणता, डबी गावणा नाय, चार केप दी, वांदर इलेत केळीत. मी दिलंय. कायच इचारूक नाय."

विचारायचं तरी कशाला? आंबेखोलात शेजारी केप मागतो तसंच विरजणही मागतो, आणि माणसं दोन्ही न विचारता देतात.

नंदूनं जीप काढली. गवसवाडीपर्यंतचा रस्ता तीन किलोमीटर. "माझ्यान काय झाला तर?" एवढंच तो सारखं म्हणत होता. बाई म्हणाल्या, "पुढं बघ नि चालव."

घराला कडी होती. बागेतून दोघं मांगराकडं गेली. बाई आधी चालत होत्या, नंतर पळायला लागल्या. सुपारीच्या झाडांमधून पायरी दिसली. उल्हास पायरीवर बसला होता. बंदूक शेजारी भिंतीला टेकवलेली, मोबाइल हातात.

बाईंनी देवाचं नाव घेतलं. उल्हास मान वर न करता म्हणाला, "येवा, बाई. बसा."

नंदू बंदुकीकडं बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "काय रे मेल्या, वांदर खय गेले?"

"वांदर नव्हतेच, नंदू."

"माका वाटलाच," नंदू म्हणाला, जरी त्याला तसं काहीच वाटलेलं नव्हतं.

उल्हासनं मोबाइल बाईंपुढं धरला. पडद्यावर शाळेचा संदेश होता. "अकरा वाजल्यापासून ह्याच वाचतंय. डबी माझ्या चेडवान कित्याक नेली, ता पयलां कळला नाय. मगे कळला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "माका वाटलेला, ह्या फक्त माकाच ठावक आसा. घरात हसतंय, जत्रेत हसयतंय, कोणाक पत्तो नाय. आणि ह्या पोरीक सगळा ठावक. रोज शाळेत जाताना 'बाबा, संध्याकाळी येतंय हां' असा सांगान जाता. मी म्हणी, कित्याक सांगता रोज?"

"झालंय काय तुला, उल्हास?" बाईंनी विचारलं. त्यांचा तो विद्यार्थीच होता, पहिल्या तुकडीतला. "कुणी काही बोललं? कसली अडचण आहे?"

"काय एक नाय, बाई. ताच तर. बाग बरी, बायको बरी, चेडू असा सोन्यासारख्या. आणि सकाळी उठाक होणा नाय. लोकांका काय सांगू, माका काय झाला म्हणान? पाय मोडलो असतो तर दाखवलंय असतंय."

"सांगायचं, बरं वाटत नाही म्हणून. एवढंच. त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. तुझ्या मुलीचा आवाज महिन्या-महिन्यानं कसा खाली गेला, ते मी आत्ता डोळ्यांनी पाहून आलेय. तुझा आवाज असाच कुणी मोजला असता तर केव्हाच कळलं असतं. तुम्हा मोठ्यांसाठी कुणी डबा ठोकला नाही, म्हणून तुम्ही बरे, असं नाही होत."

नंदू त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं तळहात पुढं केला. "माजे केप. चार दिलंय, चार परत दी."

उल्हासनं खिशातून केपा काढल्या. एक, दोन, तीन.

"चवथी?"

उल्हासचा हात बंदुकीकडं गेला. नंदू जागचा हलला नाही, तळहात तसाच. उल्हासनं घोडा मागे ओढला, त्याखालची चौथी केप नखानं काढली आणि मित्राच्या हातावर ठेवली. नंदूनं मूठ मिटली आणि तो मोठमोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखा रडायला लागला. मग उल्हासलाच त्याला थोपटावं लागलं.

नळीतली दारू आणि छरे नंदूनंच तिथं बसून सळीनं काढून टाकले, मग उल्हासला जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं.

शाळेच्या मैदानावर माणसं अजून उभी होती. जीपमधून उतरून नंदू त्यांना म्हणाला, "घराक जावा सगळी. चेडवाची काय एक चूक नाय. चुकलंय तो मी." आणखी त्यानं काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारायचं धाडस केलं नाही. बाईंनी तीन वाजता अहवालाच्या रकान्यात लिहिलं: विद्यार्थिनीपासून कुणालाही धोका नाही. विद्यार्थिनीने धोका आमच्याआधी ओळखला व आपल्या परीने थोपवून धरला. याउपर खुलासा हवा असल्यास मी स्वतः येऊन देईन. पडद्यावरचा लाल दिवा विझला.

चारच्या सुमारास ठाण्यात हवालदार कासारांनी बंदुकीकडं पाहून कपाळाला हात लावला. "अहो, परवा तर नेलीत! आता कसली निवडणूक?"

"निवडणूक नाही. जमा करायची आहे," बाई म्हणाल्या.

"तशी कशी घेणार? रजिस्टरात कारणाचा रकाना आहे. निवडणूक, नूतनीकरण, जप्ती, नाहीतर मालक मयत. यातलं काय लिहू?"

उल्हास पुढं झाला. एका बाजूला नंदू उभा होता, दुसऱ्या बाजूला दप्तर अजून पाठीवर असलेली चार्वी. तिची आई गोव्याहून निघाली होती, ओरोसच्या जिल्हा इस्पितळात गुरुवारची वेळ मिळाली होती. "मालक आजारी, असा लिवा," तो म्हणाला. कामासाठी आलेल्या गावातल्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मनान आजारी आसा. बंदूक घरात ठेवची नाय."

कासारांनी त्याच्याकडं पाहिलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मुकाट्यानं रकान्यात पाचवं कारण लिहिलं. पावती फाडून ते ती उल्हासला द्यायला लागले, पण त्यानं मुलीकडं बोट दाखवलं. "तिका द्या. हिची सही असल्याशिवाय बंदूक कोणाक देव नकात. माका पण नाय."

"ते नाही हो चालत," कासार अवघडून म्हणाले. "ती अज्ञान आहे. अठरा पूर्ण झाल्याशिवाय हिच्या सहीला अर्थ नाही. तेरा ना गं तू? पाच वर्षं थांबावं लागेल."

"मगे रवांदे पाच वर्सां," उल्हास म्हणाला. "पाच वर्सांनी आमी दोगांय येतलांव. मी हिच्या वांगडा येतलंय, सही करताना बघूक."

चार्वीनं वडिलांकडं पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"तारीख लिहा," ती हवालदारांना म्हणाली.

कासारांनी रजिस्टरात पाच वर्षांनंतरची तारीख लिहिली. चार्वीनं टाचा उंचावून ती दोनदा वाचली आणि मग वडिलांचा हात धरला.